खडीवरची सायकल

आम्ही राहनाळच्या बचत गटातल्या बाया. आज हप्त्यांचं आणि व्याजाचं बोलणार नाही, आज सायकलचं बोलू.

भिवंडी तालुक्यातला आमचा हा भाग गोडाऊनचा. मोठ्या रस्त्याला कंटेनर, आतल्या रस्त्याला खडी आणि मुरूम. गटातल्या काही जणी गोडाऊनमध्ये पॅकिंगला जातात. चालत जायचं तर लांब, रिक्षाने जायचं तर रोजचा खर्च. त्यापायी आमच्यातली एक ताई काम सोडायला निघाली होती. घरी मुलीची सायकल नुसती उभी! विचारलं तर म्हणाली, "डांबरावर येते गं थोडी. खडीवर मी पडणार, आणि सगळे बघणार."

तिचं दुखणं दुसऱ्या वाक्यात होतं. पडण्यापेक्षा हसं होण्याची भीती मोठी. म्हणून आम्ही ठरवलं, एकटीने शिकायचं नाही, तिघी-चौघींनी मिळून जायचं. हे काही आमच्याच डोक्यातून निघालेलं नाही. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२च्या सुमारास साक्षरता मोहिमेसोबत बायकांना सायकल शिकवली गेली. तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. एका लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. एक बाई सायकलवर दिसली तर लोक टक लावून बघतात, शंभर दिसल्या की बघणारेच दमतात!

आता शिकायचं कसं? आधी सायकल नीट करा. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. हात जमला की सीट थोडी वर घेता येते. टायर दगडासारखं टणक नको, कारण ते खडीवर उड्या मारतं. अंगठ्याने जोरात दाबल्यावर किंचित दबेल इतकी हवा ठेवा. फारच कमी ठेवलीत तर दगडावर ट्यूब चेपून पंक्चर होईल. सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबून बघा, पुढचा कुठला आणि मागचा कुठला. ओढणी कमरेला गच्च बांधा, साडीचा पदर आणि निऱ्या खोचून घ्या. चाकात कापड अडकलं तर उत्तम चालवणारीही पडते.

पहिले काही दिवस मोकळं मैदान. पॅडल न मारता पायांनी ढकलत तोल सांभाळायचा. मग मुरूम, मग खडी. एका दिवशी एकच नवी गोष्ट.

खडीवर चाक थोडं इकडेतिकडे सरकणारच. नवशिकी तिथेच घाबरते, हँडल आवळते, ब्रेक दाबते आणि पडते. म्हणून कोपरं सैल ठेवा. नजर चाकाखाली नको, आठ-दहा पावलं पुढे असू द्या, कारण आपण बघतो तिकडेच सायकल जाते. वेग खडी सुरू होण्याआधी कमी करा. खडीवर हळूहळू पॅडल मारत राहा, हँडल एकदम वळवू नका. थांबायचं झालं तर मागचा ब्रेक हलका दाबा. पुढचा गच्च दाबलात तर चाक घसरतं. मोठा धक्का दिसला की दोन्ही पॅडल समान उंचीवर आणून सीटवरून थोडं उठा. धक्का पाठीऐवजी गुडघे झेलतात.

कंटेनरच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. वळताना त्याची मागची चाकं आत येतात, आणि त्या बाजूची सायकल ड्रायव्हरला दिसत नाही.

परदेशात अशा कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवणं हा खेळच आहे, त्याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. रुंद टायरच्या महागड्या सायकली असतात त्यांच्या. आपली वेदांगी कुलकर्णी तर २०१८ साली विसाव्या वर्षी सायकलवर जगप्रदक्षिणा करून आली. आपल्याला जग नको, सध्या गोडाऊनचं फाटक पुरे.

ती ताई आता रोज सायकलने कामाला जाते. मध्ये दोनदा पडली, गुडघा खरचटला. पहिल्यांदा रडली, दुसऱ्यांदा आमच्याबरोबर हसली. कंटेनर वळतात त्या नाक्यावर मात्र ती अजूनही उतरते आणि सायकल हातात धरून चालते. आम्ही तिला भित्री म्हणत नाही. कुठे चालवायची आणि कुठे उतरायचं हे ज्या बाईचं तिने ठरवलं, तिला आत्मविश्वास आला असं आम्ही समजतो.

तुमच्याही घरी एखादी सायकल धूळ खात असेल. आधी हवा भरा, आणि शेजारणीला हाक मारा.