पांढऱ्या गोळीचे नाव काय?

कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीत मागे एका रात्री शेजारच्या आजी जेवताजेवता कोसळल्या. उजवी बाजू लुळी, जीभ जड. रिक्षात घालून एका खाजगी इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, "रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का?" नातू म्हणाला, "एक पांढरी गोळी घेते." ज्याला खरे उत्तर ठाऊक होते, तो वस्तीतला डॉक्टर हाकेच्या अंतरावर झोपला होता. त्याला फोन करावा हे कोणालाच सुचले नाही. आम्हालाही नाही.

मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मग डॉक्टरने करायचे काय? आजी वाचल्या, हात गेला.

कायदा आम्हाला पाठ आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. रेल्वेतून पडलेल्या हकीम शेखला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी दारोदार फिरवले, तेव्हा १९९६ साली न्यायालयाने तो कलम २१ चा भंग ठरवला. दिवा-मुंब्र्याच्या प्रवाशाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे मिळतात. कोर्टात ती उपयोगी. रात्री अकराला नाहीत.

दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावे, एवढेच मागणे आहे. ते अशक्यही नाही. कोरोनात कल्याण-डोंबिवली महापालिकेने खाजगी डॉक्टरांना सोबत घेतले. स्मार्ट सिटी स्पर्धेतला कोविड नवोपक्रम पुरस्कार २०२१ मध्ये वाराणसीसोबत तिला मिळाला. साथीत जमले ते रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर किंवा कळव्याच्या रुग्णालयात रोज का जमू नये? कळव्यात ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा काही जण अखेरच्या अवस्थेत आणले गेल्याचे प्रशासनाने सांगितले होते. त्यांना वेळेत पुढे पाठवण्याचे काम कोणाचे होते?

वस्तीतल्या डॉक्टरांचीही आम्ही पाठराखण करणार नाही. त्यांतले काही जण औषधाचे नाव लिहीतच नाहीत. सुट्या गोळ्या पुडीत बांधून देतात. इस्पितळ मात्र डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत देते आणि मूळ डॉक्टरला कळवत नाही.

आम्ही आता घरोघर सांगतो: डॉक्टरकडून औषधाचे नाव लिहून घ्या, त्याखाली त्यांचा फोन नंबर घ्या आणि कागद रेशनकार्डासोबत ठेवा. परवा एका डॉक्टरने नंबर द्यायला नकार दिला. त्यांच्याकडे रविवारी पुन्हा जाणार आहोत, वस्तीतल्या बायका बरोबर घेऊन.