माळ मोकळा होताना

भाद्रपद सरत आला की खुलताबाद-म्हैसमाळच्या उतारांवर गवत कमरेला लागतं. पवन्या, कुसळी, मारवेल. इकडे पाऊस वर्षाला साधारण 700 मिलिमीटर, खाली काळा कातळ आणि वर जेमतेम वीतभर मुरूम. एवढ्यावर तगतं ते गवत, आणि मधूनमधून एखादी बोर, हिवर, बाभूळ. उन्हाळ्यात हेच उतार पिवळे पडतात. मग आपण म्हणतो, डोंगर उजाड झाला.

या एका शब्दाने गेल्या पन्नास वर्षांत माळाचं फार नुकसान केलं. 1972च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागांसाठी योजना आल्या. मृद्संधारणाची चांगली कामं झाली, पण त्यांच्याबरोबर माळावर उंदीरमारीही आली. हिलाच आपण गिरिपुष्प किंवा ग्लिरिसिडिया म्हणतो. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, छाटली तरी फुटते, म्हणून ती सोयीची वाटली. पण मोकळ्या माळावरच्या पक्ष्यांना अशी झाडी नको असते. सोलापूरजवळ नान्नजला 1979मध्ये माळढोकाचं अभयारण्य झालं. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालणाऱ्या या पक्ष्याला दूरवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो. हा पक्षी आज राज्यातून जवळपास नाहीसा झाला आहे. पुढे 2016 ते 2019 या काळात राज्याच्या वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2 कोटींवरून 33 कोटींवर गेलं. मीही त्या काळात उत्साहाने खड्डे खणले. कुदळीखाली गवताचे ठोंब उपटले जात होते, याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. आज वाटतं.

दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या अभ्यासकांनी जुन्या मराठी कथा, ओव्या, चरित्रं चाळून त्यांतल्या रानवनस्पती वेचल्या. अशा 44 वनस्पतींपैकी बहुतांश गवताळ, काटेरी माळाच्या निघाल्या. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्रातला बराच मुलूख असाच होता. दाट जंगल तोडूनच माळ झाला, हा समज मनातून काढायलाच हवा.

माळ गिळणाऱ्या घाणेरीची, म्हणजे लँटानाची, गोष्ट उंदीरमारीहूनही जुनी. शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याला आणली गेली. आता देशातल्या वाघांच्या प्रदेशात तिने सुमारे 1 लाख 54 हजार चौरस किलोमीटर जंगल व्यापल्याचा अंदाज आहे. ती काढायला आधी लोक कोयते घेऊन गेले, काहींनी जाळून पाहिली. दोन्हीनंतर ती अधिकच जोमाने फुटली. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी दाखवलेली रीत साधी आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या दोन बोटं खाली, मातीतच, कुदळीने मूळ तोडायचं आणि सगळं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा रुजत नाहीत, झुडूप जागीच वाळतं. हे फळं धरण्याआधी उरकावं लागतं. बुलबुल फळं खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी टाकतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं तिथली रोपं हाताने उपटत राहायची. श्रमदानाला पहिल्या दिवशी माणसं पुष्कळ मिळतात, फोटोही निघतात. खरी गरज या तिसऱ्या वर्षाला असते.

मोकळ्या झालेल्या जागेत गवत लावलं नाही तर दुसरं तण शिरतं. अमरावतीचे गवत-अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटात हेच शिकवलं: आधी तण काढा, मग स्थानिक गवताचं बी पेरा. अकोला-वाशीम पट्ट्यात कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ संस्था आणि फासेपारधी मंडळी माळ राखताहेत, तणमोर या पक्ष्यासाठी. ज्यांच्यावर शिकारीचा शिक्का बसला होता त्याच लोकांना गवतातली प्रत्येक खूण ठाऊक असते. या कामात त्यांचा शब्द पहिला मानावा, असं मला वाटतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला श्रमदान नवं नाही. महापालिका, ‘इकोसत्व’ संस्था आणि ‘व्हॅरॉक’ कंपनी यांच्या पुढाकाराने 2021पासून खाम नदीच्या पात्रात लोक उतरले, आणि नाला म्हणून सोडून दिलेली नदी पुन्हा नदी दिसू लागली. तिचं पाणी येतं ते अशाच गवताळ डोंगरांवरून. दिवाळीच्या सुमारास कुसळी पिकते, बी कपड्यांना टोचायला लागतं. ते झडून जाण्याआधी कापडी पिशव्या घेऊन वर जायचं, बी ओरबाडून सावलीत वाळवायचं आणि मृगाआधी घाणेरी निघालेल्या जागेवर फेकायचं. एवढं काम यंदाच्या दिवाळीपासून सुरू करता येईल.