हातभर अंतरावरची जादू

जादूचा प्रयोग म्हटला की भव्य रंगमंच, झगमगीत पोशाख, मोठमोठ्या पेट्या आणि वाद्यांचा गजर आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु जादूचा आणखी एक प्रकार आहे. त्यात प्रेक्षक जादूगारासमोर हातभर अंतरावर बसलेला असतो. तेथे पडदा नसतो, पेटी नसते. पत्त्यांचा जोड, दोन-चार नाणी आणि दोन हात, एवढेच साहित्य! या प्रकाराला ‘क्लोज-अप मॅजिक’ म्हणतात. हातचलाखीचे हे अत्यंत अवघड रूप होय. या कलेत मानाचे स्थान मिळवणारे जपानी कलावंत म्हणजे तेनकाई.

तेनकाई यांचा जन्म १८८९ साली जपानमधील नागोया येथे झाला. त्यांचे घराणे इशिदा. पुढे ते तेनकात्सू या विख्यात महिला जादूगाराच्या मंडळीत दाखल झाले. या परंपरेतील कलावंतांच्या नावांचा आरंभ ‘तेन’ या शब्दाने होत असे. ‘तेन’ म्हणजे आकाश आणि ‘काई’ म्हणजे समुद्र. तेनकात्सूंचे प्रयोग संगीत, नृत्य आणि नेपथ्य यांनी नटलेले असत.

१९२४ साली ही मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. तेनकाई मात्र पत्नी ओकिनू यांच्यासह तेथेच राहिले. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या घरात होते. त्याच वर्षी अमेरिकेने जपानी लोकांचे स्थलांतर रोखणारा कायदा केला. आपल्याला नको म्हणणाऱ्या देशात, परक्या प्रेक्षकांपुढे त्यांना नव्याने उभे राहायचे होते. त्या काळी ‘व्हॉडव्हिल’ नावाचे विविधरंगी करमणुकीचे खेळ तेथे लोकप्रिय होते. अशा खेळांतून या दांपत्याने आपली कला सादर केली. पुढे बोलपट आले आणि त्या खेळांना उतरती कळा लागली. नाट्यगृहे बंद पडू शकतात. हातांत मुरलेली विद्या मात्र माणसाबरोबर कोठेही जाते.

या विद्येचे मर्म काय? हातात लपवलेली वस्तू दिसू न देणे एवढेच पुरेसे नसते; हातात काही लपवले आहे अशी शंकासुद्धा येता कामा नये. आखडलेली बोटे, घाईची हालचाल किंवा क्षणभराचा संकोच पाहणाऱ्याला सावध करतो. म्हणून जादूगार आधी खरी कृती करून पाहतो. नाणे एका हातातून दुसऱ्या हातात प्रत्यक्ष ठेवताना आपले मनगट कसे वळते, नजर कोठे जाते, हे तो न्याहाळतो. नंतर नाणे न ठेवताही तीच हालचाल तशीच व्हावी, यासाठी तो पुनःपुन्हा सराव करतो.

पत्ता लपवण्याची एक पद्धत आज ‘तेनकाई पाम’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पत्ता तळव्याला सपाट चिकटवत नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी त्याची कड धरतात. त्यामुळे बोटे मोकळी राहतात आणि हात रिकामा भासतो. दोन नाण्यांचा त्यांचा एक प्रयोगही जगभरचे जादूगार शिकतात. दोन्ही हातांत एकेक नाणे असते आणि पाहता पाहता दोन्ही नाणी एकाच हातात आढळतात. अवघा काही क्षणांचा हा खेळ. परंतु त्यात एकही हालचाल वावगी चालत नाही.

सुमारे चौतीस वर्षांनंतर, १९५८ साली, तेनकाई मायदेशी परतले. आयुष्यभर कमावलेली विद्या त्यांनी नव्या पिढीतील जादूगारांच्या हाती सोपवली. १९७२ साली त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्यांच्या कलेवर ‘द मॅजिक ऑफ तेनकाई’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाचा पुरस्कारही जपानमध्ये दिला जाऊ लागला.

ही जादू म्हणजे कोणतीही दैवी शक्ती नव्हे, हे जादूगार जाणतो आणि प्रेक्षकही जाणतो. तरीही आपण थक्क होतो, कारण त्या सहजतेमागचे कष्ट आपल्याला दिसत नाहीत. सुतार, शिंपी, कुंभार यांच्या हातांतही अशीच सहजता असते. ती जन्मतः लाभत नाही; सरावाने येते. आणि सरावाला वयाची अट नसते.