नवअभिजात पौराणिक चित्रांतील नैतिक रूपक : दाविदचे दोन मार्स

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय चित्रकलेत उदयास आलेल्या नवअभिजातवादाने ग्रीक-रोमन पुराणकथांना नैतिक आशयाचे वाहन बनविले. त्यापूर्वीच्या रोकोको शैलीत, विशेषतः बूशेच्या चित्रांत, देवदेवता प्रामुख्याने विलासाचा विषय होत्या. दिदरोसारख्या समीक्षकाने त्यावर टीका करून कलेकडून सद्‌गुणांच्या संस्काराची अपेक्षा केली. या पार्श्वभूमीवर झाक-लुई दाविद (१७४८–१८२५) याच्या दोन चित्रांचा येथे विचार केला आहे.

‘मार्स आणि मिनर्व्हा यांचे युद्ध’ (१७७१) हे चित्र दाविदने रोम पारितोषिकाच्या स्पर्धेसाठी रंगविले व त्यास दुसरे पारितोषिक मिळाले. विषय ‘इलियड’मधील आहे. युद्धदेव मार्स भूमीवर कोसळला आहे, विवेकदेवता मिनर्व्हा त्याच्यासमोर उभी आहे आणि प्रेमदेवता व्हीनस ढगांवर आहे. रंगयोजनेवर रोकोकोची छाया असली तरी रूपक स्पष्ट आहे : अविचारी हिंसेवर विवेकाचा विजय. होमरच्या कथेत पुढे व्हीनसलाही मिनर्व्हाचा प्रहार सोसावा लागतो. अर्थात येथे प्रेम पराभूताच्या पक्षात आहे.

‘व्हीनस व तीन ग्रेसेस यांनी निःशस्त्र केलेला मार्स’ (१८२४) या अखेरच्या मोठ्या पौराणिक चित्रात मिनर्व्हा नाही. मार्स मंचकावर बसला आहे, क्यूपिड त्याच्या पादत्राणाचे बंध सोडीत आहे आणि त्याची शस्त्रे काढून घेतली जात आहेत. आता युद्धाला शमविते ते प्रेम. या दोन चित्रांच्या दरम्यान राज्यक्रांती घडली, दाविदने १७९३ मध्ये राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले, तो नेपोलियनचा प्रथम चित्रकार झाला आणि १८१६ पासून ब्रुसेल्समध्ये निर्वासिताचे जीवन जगला. मात्र या चित्राचा एकच अर्थ लावता येत नाही. शस्त्रत्याग ही शांती मानावी की वीराचे स्खलन, हा निर्णय चित्रकार प्रेक्षकावर सोपवितो.

यावरून असे दिसते की, रूपकातील नीती पुराणकथेत आयती नसते. कथेतील कोणता क्षण निवडला, कोणास उभे केले, कोणास वगळले, यांतून ती घडते. म्हणून अध्यापनात ‘मार्स म्हणजे युद्ध’ अशी प्रतीकांची यादी देऊन थांबणे पुरेसे नाही. त्याच मार्ससमोर आधी विवेक व नंतर प्रेम का उभे राहिले, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास चित्र व इतिहास यांचा संबंध उलगडू लागतो.