झाकून ठेवलेले ताट

रहस्यकथेतल्या डिटेक्टिव्हाला घरसंसार असावा की नसावा? प्रश्न वाङ्मयीन खरा; पण त्याचे उत्तर मला वर्गात नव्हे, ब्राह्मणपुरीच्या एका ओट्यावर मिळाले.

शहादे तालुक्यातले हे गाव. थोरली बहीण तिथे दिलेली. दाजी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, स्वभावाने अबोल. मे महिन्याच्या सुट्टीत मी गेलो की दुपारी ताई गहू निवडायला बसते आणि फर्मावते, “प्रोफेसर, एखादी गोष्ट सांग!”

लहानपणी आम्ही दोघांनी वडिलांच्या ट्रंकेतले बाबूराव अर्नाळकर चोरून वाचले होते. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा विलक्षण माणूस! त्यांच्या धनंजयजवळ छोटू होता, झुंजारच्या साथीला पत्नी विजया होती. पण झुंजारच्या घरात वाणसामानावरून कुरबूर झाल्याचे काही मला आठवत नाही. शेरलॉक होम्स तर ब्रह्मचारीच. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्यायांनी मात्र आपल्या ब्योमकेशचे लग्न लावून दिले, तेही खुनाच्या तपासातूनच! संशयिताची बहीण सत्यवती त्याच्या घरी गृहिणी होऊन आली.

यंदा मी ताईला ‘रोझॅना’ सांगितली. माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याची ही १९६५ सालची कादंबरी. मुले झोपली की रात्री दोघे लिहायला बसत. एक प्रकरण तिचे, एक त्याचे. १९७५ पर्यंत अशा दहा कादंबऱ्या झाल्या. कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचे प्रेत सापडते. तिचे नाव कळायलाच कित्येक आठवडे जातात, खुनी हाती लागायला सहा महिने. तपास करणारा मार्टिन बेक काही शूरवीर नव्हे. त्याचे पोट बिघडलेले, सर्दी हटत नाही. घरी बायको आहे, एक मुलगी, एक मुलगा. पण नवराबायकोत बोलण्यासारखे फारसे उरलेले नाही. पुढच्या पुस्तकांत तो आधी कोचावर झोपू लागतो, मग घरच सोडतो.

खुनी कोण, हे ताईने विचारलेच नाही. तिने विचारले, “त्या परक्या पोरीसाठी सहा महिने जीव टाकतो, मग घरच्यांशी बोलायला काय होतं त्याला?”

मी म्हणालो, “जे पाहून येतो ते घरात कसं सांगणार?”

“न सांगून काय होतं ते आम्हाला विचार,” ती म्हणाली. “रात्री दोनला यायचे. मी ताट झाकून जागी. एक शब्द न बोलता पाणी पिऊन झोपायचे. मला वाटायचं, माझंच काही चुकलं.”

दाजी खाटेवर आडवे होते. झोपले असावेत, अशी आमची समजूत. ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, “पंचनामा करून आल्यावर घास उतरत नाही. त्यात तुझं काही नव्हतं.”

ताईच्या हातातले सूप थांबले. तीस वर्षांनी आलेला हा कबुलीजबाब! बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

डिटेक्टिव्हाचे घर म्हणजे कथेला लावलेले ठिगळ, असे मानणारे टीकाकार आहेत. काल-परवापर्यंत मीही त्यांतलाच होतो. आता वाटते, खुनाचा उलगडा शेवटच्या पानावर होतो आणि पुस्तक मिटते. पण त्या तपासाची किंमत कोणीतरी घरात, झाकल्या ताटासमोर बसून मोजलेली असते. ती मांडणारी रहस्यकथा करमणूक तर करतेच. शिवाय एखाद्या ओट्यावर अडलेले वाक्य मोकळे करते.

निघताना ताईने बजावले, “पुढची नऊ राहिलीत. दिवाळीला ये.” आणि दाजींनी, माझी पिशवी उचलता उचलता, हळूच विचारले, “त्या बेकचं पुढे नीट होतं ना हो?”