पाऊस किती, यापेक्षा पाणी कुठे?

२६ जुलै २००५च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यात जेमतेम ७४. शहर एकच, पण उपनगरे बुडत होती तेव्हा दक्षिण मुंबईला त्याचा पत्ताही नव्हता. 'मुंबईत आज इतका पाऊस' हे वाक्य किती पोकळ आहे, ते त्या दिवशी कळले. पुढे महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, कुलाब्यात आणि नंतर वेरावलीत डॉप्लर रडार आले. तरीही पाऊस नेमका मोजला म्हणजे पूर कळला, असे होत नाही. शहरातल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तोही ओहोटी धरून. मोठ्या भरतीत समुद्राची पातळी, या वाहिन्या जिथे समुद्रात उघडतात त्या अनेक पातमुखांच्या वर जाते. मग ओहोटीत सहज निचरा झाला असता तेवढाच पाऊस भरतीच्या वेळी हिंदमातासारखा सखल भाग बुडवतो. म्हणून पावसाचा अंदाज, भरतीचे वेळापत्रक, जमिनीचा उंचसखलपणा आणि नाल्यांची पातळी यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. जून २०२०मध्ये सुरू झालेली 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर-इशारा प्रणाली याच दिशेची आहे.

आधी नाले रुंद करा, माहितीची चैन नंतर, असे कोणी म्हणेल. नाले रुंद व्हायलाच हवेत, पण ९४४ मिलिमीटर पाऊस पोटात घेईल असा नाला कोणतीच महापालिका बांधणार नाही. शिवाय उदंचन केंद्रातले पंप कधी चालवायचे, हे ठरवायलाही पुढच्या दोन तासांचा अंदाज उपयोगी पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रेड अलर्ट येतो, शाळा बंद होतात, रोजंदारी बुडते आणि ऊन पडते. मग इशाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? खरे आहे. मात्र दोष अंदाज देण्याचा नाही, अख्ख्या जिल्ह्याला दिवसभरासाठी एकच रंग फासण्याचा आहे. ढग कुठे कोसळेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. रडारवरून पुढच्या दोन-तीन तासांचे बरेच सांगता येते. तेवढेच, शक्यतेसह, विभागवार सांगावे आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर कोणता अंदाज चुकला तेही जाहीर करावे. इशाऱ्याला कृती जोडलेली असली की तो पाळला जातो. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठी नदीची पातळी ३.९ मीटरवर गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या रहिवाशांना हलवण्यात आले. तिथे पट्टीवरचा आकडाच हुकूम ठरला. अंधेरी सबवे कोणत्या आकड्याला बंद करायचा, बेस्टच्या बसगाड्या कधी वळवायच्या, हेही असेच पावसाळ्याआधी ठरवून चालकांना आणि दुकानदारांना कळवता येईल.