दुसरा घाणा

वेंगुर्ल्याच्या काजूचा इतिहास चार ओळींत सांगता येतो. पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणले आणि ते जांभ्या दगडात रुजले. १९५७ मध्ये वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र निघाले. तिथली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमे कोकणभर गेली. आज या काजूला भौगोलिक मानांकन आहे.

प्रक्रिया कारखान्यात मात्र नजर खिळते ती कुकरच्या व्हॉल्व्हवर.

कुकरमध्ये बी भरायची, झाकण आवळायचे, बॉयलरची वाफ सोडायची. बी वाफली की व्हॉल्व्ह उघडतो आणि पांढरा लोट फस्सकन बाहेर. झाला एक घाणा. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता सुटते. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला लागतात अवघ्या ७०. म्हणजे हिशेबाने, उडून गेलेल्या किलोभर वाफेत सात किलो पाणी उकळीला आणण्याची ताकद होती.

ही उधळण खपते, कारण जळण घरचेच. शंभर किलो बीतून जेमतेम २५-३० किलो गर निघतो, उरते ते बहुतेक टरफल, आणि तेच बॉयलरखाली जाते. पण टरफलातले तेल रंगांना, ब्रेक लायनिंगला लागते. त्याला गिऱ्हाईक आहे. जळणारी प्रत्येक पाटी विकता आली असती.

जळण वाचवायचा एक मार्ग पाण्याचा. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी आधीच तापवले, तर साधारण एक टक्का जळण वाचते. गर वाळवणारा ड्रायर वाफेच्या कॉइलवर चालत असेल तर कॉइलमधून निघणारे गरम, स्वच्छ पाणी सरळ बॉयलरच्या टाकीत परत घेता येते.

दुसरा मार्ग वेळापत्रकाचा, त्याला नवे यंत्र लागत नाही. सकाळचा पहिला घाणा सर्वांत महाग. गार बॉयलर, गार पाइप, गार कुकर तापवण्यातच जळण जाते. दुसऱ्याला ते लोखंड आयते तापलेले मिळते. मध्ये तासाभराची खोटी झाली की फायदा विरला. वाफवलेली बी लगेच फोडत नाहीत, गार व्हायला पसरून ठेवतात. त्यामुळे दोन दिवसांच्या कटिंगची बी एकाच सकाळी ओळीने वाफवता येते, आणि घाणे संपले की वाफ ड्रायरकडे वळवता येते.

अडचणी इथून सुरू होतात. कुकरमधली वाफ बीला भिडलेली असते, तिच्यात टरफलाचे तेल उतरते. तिचे पाणी बॉयलरला चालत नाही. तिची उष्णता घ्यायची तर मध्ये नळीची भिंत हवी, आणि त्या नळीवर तेलाचा चिकट थर बसतो. तो खरवडताना कातडी भाजते. धुराड्यात पाणी तापवायच्या नळ्या घातल्या तर त्यांवर अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी चढते. टाकीतले पाणी फार तापले तर पंपच पाणी उचलेनासा होतो.

पावसाळ्यात वाफवलेली बी दोन दिवस ठेवली तर दमट हवेने बुरशीची धास्ती. आणि कटिंगला बसणाऱ्या बायकांची मजुरी बहुधा किलोवर. बी वेळेवर गार झाली नाही तर त्यांचा दिवस बुडतो. उद्याची बी आज दुपारपर्यंत पसरलेली असेल, तरच सकाळी त्यांचे हात चालू होतात.